कोर्टाने बसवलेला अध्यक्ष, अध्यक्षाने बसवलेली कोर्टं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली की घरात, लग्नकार्यात, सकाळच्या फिरण्यात मला तेच ते प्रश्न विचारले जातात. मी वकील नाही. निकालपत्रं वाचायची खोड मात्र जुनी आहे आणि ती लोकांना ठाऊक आहे, म्हणून हा ताप. तेव्हा एकदाच लिहून टाकतो. भर २००० सालच्या बुश-गोर भानगडीवर आहे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे सापडतं.

तिकडे न्यायाधीश नेमतं कोण? कॉलेजियमसारखं काही नाही का?

नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, न्यायाधीशाचं नाव अध्यक्ष सुचवतो आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मतदान करून ते मान्य करतं किंवा पाडतं. सुप्रीम कोर्टाचे ९ न्यायाधीश, त्याखाली अपिलं ऐकणारी सर्किट कोर्टं आणि सगळ्यात खाली जिल्हा कोर्टं, या तिन्ही पायऱ्यांवर हीच रीत. आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि राजकारण आहे की नाही यावर वाद घालत बसावं लागतं. तिकडे राजकारण आहे हे घटनेनेच कबूल करून ठेवलंय. वाद असतो तो फक्त किती असावं याचा.

आणि निवृत्तीचं वय?

नाही. आपल्याकडे हायकोर्टाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सुप्रीम कोर्टाचा ६५ व्या वर्षी घरी जातो. तिकडे नेमणूक तहहयात. पन्नाशीच्या आतला माणूस नेमला तर तो तीस वर्षं सहज बसतो, नेमणारा अध्यक्ष आठ वर्षांत जातो. एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की खुर्च्यांसाठीची झोंबाझोंबी का चालते ते कळतं.

२००० साली नेमकं काय झालं होतं?

७ नोव्हेंबर २००० ला मतदान झालं. देशभरातली एकूण मतं मोजली तर डेमोक्रॅट पक्षाचे अल गोर ५ लाख ४० हजारांहून जास्त मतांनी पुढे होते. पण अध्यक्ष ठरतो राज्यवार इलेक्टोरल मतांवर (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला ती सगळी), आणि सगळं येऊन अडलं फ्लोरिडाच्या २५ मतांवर. तिथे सुमारे ६० लाख लोकांनी मतदान केलं होतं आणि जाहीर झालेला फरक होता ५३७ मतांचा, रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्या बाजूने. आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या निवडणुकीतही याहून मोठा फरक निघतो.

त्यात मतपत्रिका पंचकार्डाच्या. उमेदवारासमोरच्या खाचेत टोचणी खुपसायची, कागदाचा बारीक तुकडा खाली पडायचा, की मत झालं. पण कुठे तुकडा एका कोपऱ्याला लोंबत राहिला, कुठे नुसताच फुगला. यंत्राला ती मतं दिसली नाहीत. मग माणसांनी हाताने मोजणी सुरू केली. ब्रॉवर्ड काउंटीतले (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) एक न्यायाधीश भिंग लावून, डोळे वटारून कार्ड उजेडात धरून बघतायत, तो फोटो जगभर गेला. त्या कार्डाला भोक आहे की नुसता खड्डा, यावर जगातल्या सगळ्यात ताकदवान खुर्चीचा निकाल लागायचा होता.

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी राज्यभर फेरमोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती थांबवली. १२ डिसेंबरच्या रात्री अंतिम निकाल आला. वेगवेगळ्या काउंटीत मत मोजायचे निकष वेगवेगळे आहेत, त्यामुळे मतदारांना समान वागणूक मिळत नाही, इथवर सात न्यायाधीश कमीअधिक सहमत होते. पण मग निकष एक करून मोजा, असं म्हणायला पाच जण तयार नव्हते. वेळ संपली, म्हणाले. निकालात एक वाक्य असंही घातलं की हा विचार याच प्रकरणापुरता आहे. कायद्याचे विद्यार्थी त्या वाक्यावर अजून दात खातात.

१३ तारखेला गोर यांनी हार मानली. पुढचा भाग लोक विसरतात. गोर अजून उपाध्यक्ष होते, म्हणजे सिनेटचे पीठासीन अधिकारी. ६ जानेवारी २००१ ला इलेक्टोरल मतांची मोजणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. त्यांच्या पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक हरकत घ्यायला उभे राहिले. नियमानुसार सोबत एका तरी सिनेटरची सही हवी होती, ती कोणाकडेच नव्हती. गोर यांनी स्वतःच्याच बाजूच्या हरकती स्वतःच्याच हाताने फेटाळल्या आणि बुश २७१, मी २६६, असं वाचून दाखवलं.

म्हणजे कोर्टानेच बुश यांना बसवलं म्हणायचं?

वरती मथळ्यात मी तसं लिहिलंय खरं, पण ते अर्धंच खरं आहे. २००१ साली मोठ्या वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन त्या वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेली ठरावीक काउंटींपुरती मोजणी झाली असती तर बुशच जिंकत होते. राज्यातल्या सगळ्याच नाकारलेल्या मतपत्रिका पाहिल्या असत्या तर गोर थोडक्यात पुढे जाण्याची शक्यता होती. म्हणजे गोर यांच्या वकिलांनी मागितलं त्यानेही ते हरलेच असते. हा तपशील दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे, म्हणून फारसा कोणी सांगत नाही.

न्यायाधीशांनी पक्ष पाहून मतं दिली का?

बहुमतातले पाचही जण, रेनक्विस्ट, ओकॉनर, स्कॅलिया, केनेडी आणि थॉमस, रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. तेव्हा संशय येणारच. पण विरोधातल्या चारांत जॉन पॉल स्टीव्हन्स आणि डेव्हिड सूटर होते. पहिल्यांना फोर्ड यांनी नेमलेलं, दुसऱ्यांना थोरल्या बुश यांनी, म्हणजे जिंकलेल्या उमेदवाराच्या वडिलांनी. स्टीव्हन्स यांनी लिहिलं की या निवडणुकीचा खरा विजेता कोण ते कदाचित कधीच कळणार नाही, पण हरलं कोण ते स्वच्छ आहे: न्यायाधीश निःपक्ष असतो हा देशाचा विश्वास.

माझं मत विचाराल तर पक्ष आणि न्यायाधीश यांचं नातं सून आणि सासरसारखं असतं. आणताना पत्रिका जुळवतात, आल्यावर ती सांगाल तेच करील याची हमी नसते. रिपब्लिकनांनी सूटर यांच्यावरून धडा घेतला आणि पुढे पत्रिका अधिक बारकाईने पाहू लागले.

ज्या अध्यक्षाचा निकाल कोर्टाने लावला, त्यानेच पुढे न्यायाधीश नेमायचे, याला कोणी हरकत घेतली नाही?

घेतली ना. येलचे प्राध्यापक ब्रूस ॲकरमन यांनी २००१ च्या सुरुवातीलाच लिहिलं की पुढची निवडणूक होईपर्यंत सिनेटने बुश यांचा सुप्रीम कोर्टासाठीचा एकही उमेदवार मान्य करू नये. पण तशी वेळच आली नाही. १९९४ ते २००५ अशी अकरा वर्षं सुप्रीम कोर्टात एकही जागा रिकामी झाली नाही. ती झाली बुश दुसऱ्यांदा, आणि या वेळी एकूण मतांतही पुढे राहून, निवडून आल्यावर. सँड्रा डे ओकॉनर यांनी जुलै २००५ मध्ये निवृत्ती जाहीर केली, सप्टेंबरात मुख्य न्यायाधीश रेनक्विस्ट वारले. रॉबर्ट्स आणि अलिटो आले ते तेव्हा. मधली चार वर्षं लढाई पेटली ती एक पायरी खाली, सर्किट कोर्टांच्या जागांवर. बहुतेक अपिलांचा शेवट तिथेच होतो, सुप्रीम कोर्टापर्यंत फार थोडी पोचतात, तेव्हा त्या जागाही काही कमी मोलाच्या नाहीत.

एका सिनेटरने पक्ष सोडला आणि सगळं फिरलं म्हणतात, ते काय?

त्या निवडणुकीने सिनेटचीही अगदी दोन फाकं केली होती, ५० आणि ५०. बरोबरी झाली की उपाध्यक्षाचं मत. ३ जानेवारीला नवं सिनेट भरलं तेव्हा उपाध्यक्ष गोर होते, म्हणून डेमोक्रॅट सतरा दिवस बहुमतात. २० जानेवारीला डिक चेनी आले, बहुमत रिपब्लिकनांकडे. ९ मे रोजी बुश यांनी सर्किट कोर्टांसाठी ११ नावं एकदम जाहीर केली, सगळ्यांना शेजारी उभं करून.

दोन आठवडे गेले. २४ मे रोजी व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स यांनी सांगितलं की मी रिपब्लिकन पक्ष सोडतोय, यापुढे अपक्ष, बसणार डेमोक्रॅटांसोबत. एका माणसाच्या उठण्याने न्यायविषयक समितीचं अध्यक्षपद पॅट्रिक लेही यांच्याकडे गेलं. तेही व्हरमाँटचेच. आता समितीच्या अध्यक्षाला एखादं नाव पाडायचं असेल तर मतदान लागत नाही. सुनावणीची तारीखच द्यायची नाही, की झालं. फाईल पुढे सरकत नाही म्हणजे काय होतं ते आपल्याला समजावून सांगायची गरज नसावी. अकरापैकी तिघंच त्या वर्षअखेरपर्यंत मान्य झाले.

जाता जाता एक योगायोग. बुश यांची बाजू सुप्रीम कोर्टात मांडणारे टेड ऑल्सन यांना सॉलिसिटर जनरल म्हणून सिनेटने मान्यता दिली ती ५१ विरुद्ध ४७ मतांनी, आणि तारीख तीच, २४ मे.

जाता जाता अध्यक्ष न्यायाधीश नेमून जातात, हे खरं का?

खरं आहे, आणि याचं २००० मधलं उदाहरण मला फार आवडतं. सिनेट सुट्टीवर असताना अध्यक्षाला तात्पुरती नेमणूक करता येते. क्लिंटन यांनी ती केली २७ डिसेंबर २००० ला, म्हणजे गोर हरल्यावर दोन आठवड्यांनी आणि स्वतः निघायच्या तीन आठवडे आधी. माणूस होता रॉजर ग्रेगरी, व्हर्जिनियाचे कृष्णवर्णीय वकील. जागा चौथ्या सर्किट कोर्टाची. या कोर्टाखाली येणाऱ्या राज्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी, पण त्या दिवसापर्यंत तिथे एकही कृष्णवर्णीय न्यायाधीश बसला नव्हता. क्लिंटन यांनी आधी सुचवलेली नावं नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर जेसी हेल्म्स अडवून धरायचे.

ही नेमणूक कच्ची होती. सिनेटचं पुढचं अधिवेशन संपलं की ग्रेगरी घरी. रिपब्लिकन चिडले होते, आणि बुश यांना ते नाव नुसतं पडून राहू देता आलं असतं. त्यांनी मात्र आपल्या त्या अकरा नावांत ग्रेगरींना घेतलं. मनाचा मोठेपणा होता की बाकीच्या नावांसाठी तोंड गोड करणं होतं, तुम्ही ठरवा. जुलै २००१ मध्ये ९३ विरुद्ध १ मतांनी ते कायम झाले आणि पुढे त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश बनले. पुढे २००४ मध्ये खुद्द बुश यांनीच ही सुट्टीतली वाट धरली, अडकून पडलेल्या दोन नावांसाठी, चार्ल्स पिकरिंग आणि विल्यम प्रायर.

फिलिबस्टर म्हणजे रात्रभर भाषण करणं ना?

सिनेमात. प्रत्यक्षात कोणी घसा कोरडा करत नाही. चर्चा संपवायला ६० मतं लागतात, ती नाहीत असं दिसलं की प्रस्ताव लटकतो. होंडुरासमध्ये जन्मलेले, सतराव्या वर्षी अमेरिकेत आलेले मिगेल एस्ट्राडा, बुश यांच्या त्या अकरा नावांतले एक, याचे बळी. सात वेळा मतदान झालं. बाजूने ५५ पर्यंत मतं पडायची, हवी असायची ६०. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी कंटाळून नाव मागे घेतलं.

मग रिपब्लिकनांनी धमकी दिली की न्यायाधीशांपुरता हा नियमच उडवून लावू. त्याला नाव पडलं 'न्यूक्लिअर ऑप्शन'. मे २००५ मध्ये दोन्हीकडच्या सात-सात सिनेटरांनी बसून तोडगा काढला: काही नावं सोडायची, नियम शाबूत ठेवायचा. तो टिकला आठ वर्षं. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनीच, ५२ विरुद्ध ४८ मतांनी, खालच्या कोर्टांपुरता नियम मोडला. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टापुरताही मोडला आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचे उमेदवार नील गोर्सच यांना ५४ विरुद्ध ४५ मतांनी बसवलं. बंगल्याची कंपाउंडची भिंत अर्धी याने पाडायची, अर्धी त्याने, आणि मग दोघांनी चोरांबद्दल तक्रार करायची, तसला प्रकार.

म्हणजे हे सगळं २००० पासून सुरू झालं?

छे. प्रजासत्ताक जेमतेम बारा वर्षांचं होतं तेव्हापासून आहे. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि बर दोघांना ७३-७३ मतं पडली, आणि प्रतिनिधिगृहाने ३६ वेळा मतदान करून फेब्रुवारी १८०१ मध्ये जेफरसन यांना निवडलं. तो घोळ चालू असतानाच मावळते अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पक्षाने नवा कायदा करून फेडरल न्यायाधीशांच्या १६ जागा काढल्या आणि घाईघाईने भरल्या. सोबत राजधानीसाठी ४२ शांतता न्यायाधीश, म्हणजे किरकोळ खटले पाहणारे. नेमणुकीच्या सनदा लिहून झाल्या, सही झाली, शिक्काही बसला. पण काही सनदा पोचवायच्याच राहिल्या, आणि ४ मार्चला जेफरसन येऊन बसले. टेबलावरचे कागद पाहून म्हणाले, देऊ नका.

त्यातला एक कागद विल्यम मार्बरी यांचा. ते सुप्रीम कोर्टात गेले. आता गंमत पाहा. शिक्का मारून सनदा पाठवायचं काम ज्या परराष्ट्रमंत्र्याचं होतं ते जॉन मार्शल, आणि आता मुख्य न्यायाधीश म्हणून खटला ऐकायला बसलेलेही जॉन मार्शल. स्वतःच्या कार्यालयाच्या हलगर्जीपणाचा निवाडा स्वतःच. त्यांनी १८०३ मध्ये सांगितलं की मार्बरींचा हक्क खरा, पण ज्या कायद्याच्या कलमाखाली ते आमच्याकडे आले ते कलमच घटनेविरुद्ध आहे. घटनेविरुद्धचा कायदा कोर्ट रद्द करू शकतं, हे तत्त्व तिथे रुजलं. मार्बरींना सनद शेवटपर्यंत मिळाली नाही.

दुसरा प्रसंग १८७६ चा. हेज विरुद्ध टिल्डन, तीन-चार राज्यांच्या मतांवर वाद. निकालासाठी १५ जणांचा आयोग, त्यात सुप्रीम कोर्टाचे पाच न्यायाधीश. पाचवे असायचे डेव्हिड डेव्हिस, कोणत्याच पक्षाचे न मानले गेलेले. ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिलं आणि ते बाजूला झाले. त्यांच्या जागी रिपब्लिकन ब्रॅडली आले. प्रत्येक वादग्रस्त निर्णय ८ विरुद्ध ७. हेज १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष.

डेव्हिस यांची रिकामी झालेली कोर्टातली खुर्ची भरली हेज यांनीच, जॉन मार्शल हार्लन यांना नेमून. पक्षाच्या अधिवेशनात हार्लन यांनी हेज यांना मदत केली होती, तेव्हा परतफेडीची कुजबुज झाली. हेज यांची बाजू आयोगापुढे मांडणारे स्टॅन्ली मॅथ्यूज यांचंही नाव सुप्रीम कोर्टासाठी पुढे आलं. ते १८८१ मध्ये सिनेटमध्ये पास झालं २४ विरुद्ध २३ मतांनी. पण हार्लन यांचं पुढे काय झालं? गोऱ्या-काळ्यांना रेल्वेचे वेगळे डबे चालतील असा निकाल १८९६ मध्ये आला तेव्हा विरोधात एकटे उभे राहिले ते हेच, सौद्यातून आले असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ते.

२०२० मध्ये ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी त्यांना मदत का केली नाही?

कारण पुरावा नव्हता. निवडणुकीनंतर साठाहून अधिक दावे गेले आणि जवळजवळ सगळे पडले. पेनसिल्व्हेनियाचं अपील फेटाळणारे स्टेफनोस बिबास ट्रम्प यांनीच नेमलेले. त्यांनी लिहिलं, निवडणूक अन्यायाची झाली असं नुसतं म्हटल्याने ती तशी होत नाही.

पण त्याच आठवड्यांत सिनेट काय करत होतं तेही बघा. ॲमी कोनी बॅरेट यांना सुप्रीम कोर्टात मान्यता मिळाली २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी. २०१६ मध्ये निवडणूक आठ महिन्यांवर आहे म्हणून याच सिनेटने ओबामा यांनी सुचवलेले मेरिक गार्लंड यांची सुनावणीसुद्धा घेतली नव्हती. मतदान होऊन ट्रम्प हरल्यानंतरही खालच्या कोर्टांच्या नेमणुका चालूच राहिल्या. फ्लोरिडाच्या आयलीन कॅनन यांची १२ नोव्हेंबरची. ट्रम्प यांच्यावरचा गोपनीय कागदपत्रांचा खटला पुढे त्यांच्याच पुढ्यात आला, आणि २०२४ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. एका दाराशी न्यायाधीश पक्षाला नाही म्हणत होते, दुसऱ्या दाराने पक्ष न्यायाधीश आत पाठवत होता.

फ्लोरिडात बुश यांच्यासाठी राबलेले वकील आज सुप्रीम कोर्टात आहेत?

हो, तिघं: मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, ब्रेट कॅव्हेनॉ आणि ॲमी कोनी बॅरेट. बॅरेट तेव्हा एका लॉ फर्ममध्ये अगदी नवख्या होत्या. यात बेकायदा काही नाही, आणि हुशार वकील मोठ्या प्रकरणाभोवती जमतातच. तरी नऊपैकी तीन म्हणजे जरा जास्तच झालं, असं मला वाटतं.

यात आपल्या मराठी माणसाचा संबंध कुठे येतो?

एडिसनला किंवा बे एरियात एच-वन व्हिसावर असलेल्या कोणा जोडप्याला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळणार नाही. बाळंतपणासाठी पुण्याहून निघालेल्या आयांच्या सामानात त्या महिन्यांत डिंकाच्या लाडवांबरोबर ही काळजीही होती. माझ्या ओळखीत दोन घरं अशी होती, तारखा मोजणारी.

तो आदेश पहिल्यांदा थोपवला सिएटलचे जिल्हा न्यायाधीश जॉन कॉगनोर यांनी, तीन दिवसांत. त्यांना १९८१ मध्ये रेगन यांनी नेमलं होतं. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की एका जिल्हा न्यायाधीशाने साऱ्या देशासाठी असा मनाई हुकूम काढणं अधिकाराबाहेरचं आहे. निकाल लिहिला बॅरेट यांनी. मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या एका न्यायाधीशाने वेगळी वाट काढली. देशभरातल्या अशा सगळ्या बाळांचा एकच गट मानून त्या गटासाठी आदेश रोखून धरला. या न्यायाधीशाचं नाव जोसेफ लाप्लांट. २००७ मध्ये त्यांना नेमलं होतं जॉर्ज बुश यांनी, त्या ५३७ मतांच्या बुश यांनी.